चौकात मांडलेलं चर्च

आर्मिदा ब्रांदोनीच्या तोंडी लागू नये, हे आमच्या मोन्तालेरो गावात शहाण्याला सांगावं लागत नाही आणि वेड्याला एकदा लागल्यावर समजतं. एकदा जर्मनीहून आलेला सहा फुटी गडी अर्ध्या चड्डीत संत रोक्कोच्या चर्चमध्ये घुसत होता. हिनं त्याला उंबऱ्यावरच अडवला, आपली फुलाफुलांची शाल त्याच्या कमरेला गुंडाळली आणि मगच आत सोडला. तो बिचारा परकर नेसल्यासारखा सगळ्या मूर्ती बघत फिरला आणि जाताना हिच्या हाताचा मुका घेऊन गेला. आर्मिदाचं असंच आहे. आधी झापायचं, मग जीव लावायचा. मधली पायरी तिला ठाऊक नाही.

चर्चची किल्ली ब्रांदोनींच्या घरात सासऱ्याच्या आजोबांपासून चालत आलेली. डोंगराखालच्या मळ्यातून लग्न होऊन आर्मिदा या चौकात आली, त्याच दिवशी सासूनं ती वीतभर लांब लोखंडी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि बजावलं, "नवरा हरवला तर दुसरा बघू. ही हरवू नकोस." नवरा फाउस्तो घंटा वाजवायचा आणि उरलेला वेळ गप्प बसायचा. त्यामुळे दोघांच्या वाटचं बोलणं आर्मिदाकडेच आलं. चर्च झाडायचं, ठिबकलेलं मेण खरवडायचं, संत रोक्कोच्या पायाशी बसलेल्या लाकडी कुत्र्याचं नाक पुसायचं, कारण येणारं प्रत्येक पोर त्या नाकाला हात लावून जातं. आणि बाहेरगावचं कुणी आलं की त्यांना चर्च दाखवायचं. फाउस्तो गेल्यावर घंटा विजेवर वाजायला लागली, बाकीचं सगळं हिच्याकडे तसंच राहिलं. कोणती कमान कोणी कधी बांधली ते दाराशी फळीवर लिहिलंय, ज्याला डोळे आहेत त्यानं वाचावं, असं तिचं म्हणणं. ती सांगायची ते निराळंच. या खांबाला टेकून कोणती नवरी रडली, या बाकावर कोणता नगराध्यक्ष प्रवचनात घोरला, आणि आत शिरलं की डाव्या हाताला, कोनाड्यात, कुणाकुणाच्या नवसाच्या पाट्या आहेत.

या पाट्यांवर तिचा फार जीव. पाटी म्हणजे हातभर लाकडाची फळी आणि तिच्यावर रंगवलेलं संकट. कुणी बैलगाडीखाली आलेला, कुणी ऑलिव्हच्या झाडावरून पडलेला, कुणाचा ट्रॅक्टर उलटलेला; आणि वरच्या कोपऱ्यात ढगावर संत रोक्को कुत्र्यासकट उभे, हात वर केलेला. खाली दोन शब्द: कृपा झाली. ज्याचा जीव वाचला त्याच्या घरच्यांनी पाटी करून आणायची, हा आमच्याकडचा रिवाज. गावातल्या प्रत्येक घरावरचं टळलेलं मरण त्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं आहे.

त्यातलीच एक पाटी दुईलिओची.

दुईलिओ पास्क्वी म्हणजे आमचा म्हातारा न्हावी. सगळ्या गावाच्या हनुवट्या त्याच्या हाताखालून गेल्या आहेत. लढाईच्या दिवसांत, पाच वर्षांचा असताना, हा अंगणातल्या विहिरीत पडला. घरात पुरुषमाणूस नव्हतं. आईनं दोर कमरेला बांधला, दुसरं टोक अंजिराच्या झाडाला बांधलं आणि उतरली खाली. दोघं वर आली. मग तिनं दोन कोंबडे देऊन एका फिरत्या रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. रंगारी कसला, दारं-खिडक्या रंगवणारा! पाटीवर विहीर म्हणजे उलटं ठेवलेलं पातेलं, त्यातून पोराचे दोन पाय वर, आणि शेजारी गुडघे टेकून बसलेली आई. तिचं नाक गाजराएवढं, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब. "पण डोळे तिचेच आहेत हं," दुईलिओ सांगायचा. पुढच्याच हिवाळ्यात ती तापानं गेली. त्या घरात फोटो काढण्याची ऐपत कुणाची! आईचा चेहरा म्हणून त्याला या जगात तेवढी एकच जागा होती, हातभर फळीवरची.

मग एका शरदात भूकंप झाला. मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेची, वेळ झाली होती, घंटा वाजून गेली होती, आणि आमची मंडळी नेहमीप्रमाणे चौकात कॉफी पीत रेंगाळत होती. म्हातारे फादर कायम ओरडायचे, उशिरा येता म्हणून. त्या उशिरानंच गाव वाचलं. घंटेच्या मनोऱ्याला वरपासून खालपर्यंत भेग गेली, छताचा एक तुकडा बाकांवर बसला, पण माणसाला खरचटलंसुद्धा नाही. अग्निशमनवाल्यांनी भिंतींना लाकडी टेकू दिले, दाराला पत्रा ठोकला, आणि सरकारी इंजिनियरनं आर्मिदाकडून किल्ली मागितली. तिनं तीनदा पुढे केलेला हात मागे घेतला. चौथ्यांदा किल्ली दिली आणि त्याला म्हणाली, "वेळेवर परत नाही आणलीस ना, तर तुझ्या लग्नात येऊन रडेन."

परत यायला आठ वर्षं लागली. तोवर तो इंजिनियर लग्न होऊन दोन पोरांचा बापही झाला.

पण पाहुणे येतच होते. चौक तर उभा होता ना! कमानी होत्या, कारंजं होतं, एल्दाचं कॉफीचं दुकान होतं, जिथं कॉफीपेक्षा वाईनच जास्त खपते आणि भरलेली तळलेली ऑलिव्हं अशी मिळतात की बिशपसुद्धा बोटं चाटतील. लोक यायचे, बंद दारासमोर उभे राहायचे, हळहळायचे आणि जायचे. आर्मिदाला ती हळहळ सोसवेना. मयताला आल्यासारखी तोंडं करून माणसं उभी राहतात म्हणजे काय!

एके दिवशी ती उठली, दारावरच्या पत्र्याला पाठ लावून, तोंड चौकाकडे करून उभी राहिली आणि मिलानहून आलेल्या एका घोळक्याला म्हणाली, "असं बघताय काय? दार उघडं आहे असं समजा. मी दार. माझ्यापासून सुरुवात करा. टोपी काढा हो, तुम्ही, चष्मेवाले! चर्चमध्ये आलात."

आणि तिनं सगळं चर्च चौकात मांडलं. समोरचं कारंजं म्हणजे वेदी. मधली फरशी म्हणजे बाकांच्या रांगा. "आत शिरलं की डाव्या हाताला नवसाच्या पाट्या," असं म्हणून ती डावा हात एल्दाच्या दुकानापुढे ताणलेल्या कापडी कनातीकडे करायची. आणि उजव्या हाताला, टीतोच्या औषधाच्या दुकानाचं दार, तिथं पापकबुलीचं लाकडी कपाट. टीतो म्हणायचा, "बरोबर जागा दिलीस. नाहीतरी सगळे माझ्याच कानात सांगतात, कुठं दुखतंय आणि का दुखतंय." लोक हसत हसत सुरुवात करायचे आणि कारंज्यापाशी पोचेपर्यंत गप्प व्हायचे. काही जणं तर कनातीखाली उभी राहून खरंच वर बघायची, पाट्या शोधत.

पाहुण्यांचं सोडा, गावालाच ती सवय लागली. मयत निघालं की खांदेकरी कारंज्यासमोर थांबायचे. नव्या नवऱ्या कारंज्याला पाठ न करता परतायच्या. बायका एल्दाच्या कनातीखालून जाताना छातीवर क्रूसाची खूण करायच्या, आणि मग ऑलिव्हं घ्यायच्या. एका उन्हाळ्यात कुणा परगावच्यानं टीतोच्या दारात गाडी लावली, तर आर्मिदा खिडकीतून कडाडली, "काढ ती गाडी! कबुलीच्या कपाटात लावतोस? पापं काय चाकांखाली घालणार आहेस?" त्याला ओ की ठो कळलं नाही, पण गाडी त्यानं काढली.

दुईलिओनं तर चौकात चर्च मांडलं गेलं त्याच आठवड्यात आपली खुर्ची उचलली आणि एल्दाच्या कनातीखाली, अगदी जिथं आर्मिदानं पाट्या मांडल्या होत्या तिथं आणून ठेवली. तेव्हापासून रोज सकाळी तो तिथं. कॉफीत बडीशेपेच्या दारूचे चार थेंब टाकायचे, आणि आर्मिदा दार उघडून बाहेर आली की हाक मारायची, "आर्मिदा, आई कशी आहे?"

"मजेत आहे. तुझी दाढी वाढलीय म्हणते. न्हाव्याचा पोर ना तू?"

"न्हाव्याचा नाही, मीच न्हावी. सांग तिला, न्हाव्याची दाढी करायला दुसरा न्हावी लागतो."

असं रोजचं. थट्टेचं आणि मायेचं.

भूकंपानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात फार बर्फ पडलं. खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं. आणि एका दुपारी, टेकू होते तरी, चर्चची एक बाजू धडामदिशी आत बसली. धूळ आणि बर्फ एकत्र उडालं. आर्मिदा स्लिपर घालूनच धावली. चर्चच्या दोन्ही अंगांना गल्ल्या आहेत, एक टीतोच्या दुकानाकडून जाणारी, एक एल्दाच्या. भिंत कोसळली होती ती एल्दाच्या बाजूची.

एल्दाच्या बाजूची! पाट्यांची!

एल्दासुद्धा दारात येऊन तोंडावर हात ठेवून उभी. "अगं बाई, पाट्या! सगळ्यांच्या पाट्या गेल्या गं!"

"हळू बोल!" आर्मिदानं तिचा दंडच धरला. "दुईलिओ कुठाय?"

"सर्दी झालीय म्हणून घरीच आहे."

"त्याला यातलं काही कळता कामा नये. ऐकलंस? तो ब्याऐंशीचा आहे. त्याच्याकडे आईचं दुसरं काही नाही. त्याला सांगून त्याचा जीव घ्यायचाय का?"

एल्दानं मान हलवली. टीतोला सांगितलं, त्यानंही हलवली. पाववाल्याला, पोस्टातल्या बाईला, फादरना, सगळ्यांना आर्मिदानं दम दिला. आमच्या गावात कुठलंही गुपित दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाही. पण हे टिकलं, कारण ते फोडणाऱ्याची आर्मिदाशी गाठ होती. इंजिनियरला कुणी विचारायला गेलं नाही. विचारलं की उत्तर येतं, आणि ते उत्तर तिला नको होतं.

चार दिवसांनी दुईलिओ सर्दीतून उठून खुर्चीवर येऊन बसला. पडलेली बाजू त्यानं पाहिली, च्‌च्‌ केलं, आणि हाक मारली, "आर्मिदा, आई कशी आहे?"

"मजेत आहे. अग्निशमनवाल्या पोरांनी आत जाऊन बघितलं. पाटीला धक्का नाही."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि कॉफी प्यायला लागला.

तिथून पुढे तिचं सुख संपलं. रोज सकाळी दार उघडायच्या आधी ती आतल्या बाजूला क्षणभर उभी राहायची, तोंड हसरं करायची, मग बाहेर पडायची. रोज एक खोटं. आणि ते मृत आईच्या नावानं, म्हाताऱ्या लेकाला! कबूल करायला चर्चमधलं कपाट नाही, आणि टीतोच्या दुकानात सांगून भागण्यासारखं ते नव्हतं. मनातून अपराधी वाटतं म्हणून ती त्याच्याशी जास्तच गोड वागायला लागली. रविवारी त्याला घरचा शेवयांचा रस्सा, थंडीत विणलेला गळपट्टा. एल्दाही बशीत दोन ऑलिव्हं जास्त ठेवायची. टीतो जाता-येता त्याच्या खांद्यावर थोपटायचा. जो पाववाला सख्ख्या बापाला फुकट पाव देत नाही, तो याला गरम पाव आणून द्यायचा.

दुईलिओही बदलत चालला होता. ज्या मेव्हण्याशी वीस वर्षं बोलत नव्हता त्याच्या घरी जाऊन समेट करून आला. आपले वस्तरे, तरुणपणापासूनचे, शिंगाच्या मुठीचे, पुतण्याला देऊन टाकले. एकदा आर्मिदाला म्हणाला, "चर्च उघडेपर्यंत टिकलो म्हणजे झालं. मग काही मागणं नाही." ते ऐकून ती घरी गेली आणि भांडी घासता घासता रडली. म्हातारा त्या एका पाटीसाठी जीव धरून बसलाय, आणि पाटी तर मातीत गेली!

शेवटी या वर्षी काम संपलं. ऑगस्टमध्ये, संत रोक्कोच्या सणाला, दार उघडायचं ठरलं. सगळं गाव मोकळा श्वास घेत होतं. बँडवाले पितळ घासत होते, एल्दानं कनातीचं कापड धुतलं, अमेरिकेला गेलेली दोन घरं परत आली. आदल्या संध्याकाळी नवे फादर सिल्व्हानो, तीन वर्षांपूर्वी आलेला भला माणूस, स्वतः आर्मिदाच्या घरी किल्ली घेऊन आले.

"सिन्योरा, तुमची ठेव. हवं तर आत्ताच जाऊन बघून या. ती नवी भिंत तर इतकी सुरेख झालीय, दुधासारखी पांढरी."

दुधासारखी पांढरी! म्हणजे कोरी. आर्मिदानं किल्ली घेतली, पिठाच्या डब्यावर ठेवली आणि म्हणाली, "गुडघा दुखतोय फादर. उद्याच बघेन." गुडघा तिचा ठणठणीत होता. चौक ओलांडला की दार, आणि तेवढा चौक तिला ओलांडवेना. रस्सा ढवळताना ती सारखी त्या किल्लीकडे बघत होती. सकाळी त्याला आधीच सांगून टाकावं? की आत नेऊन सांगावं? की सगळ्यांसमोर नको म्हणून सणानंतर? काहीही केलं तरी त्याचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

आमच्याकडे मोठं दार उघडायचं ते किल्लीवालीनं. आधी ती आत जाते आणि पहिली मेणबत्ती लावते; ती मेणबत्ती गावातला सगळ्यात म्हातारा माणूस तिच्यासाठी धरतो. ती दोघं आत असेपर्यंत बाकीच्यांनी बाहेर थांबायचं, मग तो बिशप का असेना. आणि यंदा गावातला सगळ्यात म्हातारा होता दुईलिओ.

सकाळी तो आला तो लग्नातला काळा कोट घालून, दाढी गुळगुळीत, हातात मेणबत्ती. ऊन असं की फरशी भाजत होती. बिशप आपल्या उंच टोपीत, बँड, नगराध्यक्ष, पोरंबाळं, सगळा चौक भरलेला. आर्मिदा किल्ली घेऊन पायऱ्या चढली. तो शेजारी येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "आर्मिदा, आई कशी आहे?"

या वेळी 'मजेत आहे' न म्हणता तिनं किल्ली फिरवली. कुलूप करकरलं, दार उघडलं. आत चुन्याचा आणि नव्या लाकडाचा वास. दोघं आत गेली आणि तिनं मागे दार लोटलं.

तिचे डोळे आधी तिकडेच गेले, एल्दाच्या बाजूला. फादर म्हणाले तशीच भिंत. खालपासून वरपर्यंत पांढरी. एक खिळा नाही.

आर्मिदा मटकन बाकावर बसली. "दुईलिओ," ती म्हणाली, "मला माफ कर रे. तुझी आई गेली."

दुईलिओनं तिच्याकडे पाहिलं. "हो गं," तो मऊ आवाजात म्हणाला, "ऐंशी वर्षं झाली. आज कसं आठवलं तुला?"

"तसं नाही रे बाबा! पाटी! पाटी गेली, या भिंतीबरोबर गेली. मी चार वर्षं तुझ्याशी खोटं बोलतेय. कुणी आत गेलं नव्हतं, कुणी काही पाहिलं नव्हतं. तू रोज विचारायचास आणि मी रोज..." जिनं गावाला आयुष्यभर झापलं, ती चर्चच्या बाकावर पदर नसलेल्या झग्याच्या बाहीनं डोळे पुसत हुंदके देत होती.

दुईलिओनं पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत भिंतीकडे. "ही भिंत?"

"हीच."

"अगं, इथं तर पापकबुलीचं कपाट होतं."

"काय?"

"कपाट. त्याचा चुराडा झाला ते बरंच झालं, त्यात माझी तरुणपणची पापं फार होती." त्यानं मेणबत्ती बाकावर ठेवली, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाचं डोकं वळवावं तसं तिला अलगद दुसऱ्या बाजूला वळवलं. "तूच सांगतेस ना सगळ्यांना, आत शिरलं की डाव्या हाताला? मग डाव्या हाताला बघ की."

डाव्या हाताला कोनाडा होता. जुना, काळपटलेला, एकाही तड्याविना. आणि त्यात पाट्या, सगळ्या, धूळ खात, तिरक्या झालेल्या. बैलगाडी, ऑलिव्हचं झाड, ट्रॅक्टर. दुसऱ्या ओळीत ते उलटं पातेलं, त्यातून वर आलेले दोन पाय, आणि गाजरासारख्या नाकाची आई.

आर्मिदाला एकदम हलकं वाटलं, इतकं की तिनं बाकाची कड घट्ट धरली. पण अक्कल अजून जागेवर येईना. "अरे, पण ही तर टीतोची बाजू! पाट्या एल्दाच्या बाजूला!"

"एल्दाच्या बाजूला तू ठेवल्यास. दाराला पाठ लावून उभी राहतेस, तोंड चौकाकडे. माणूस पाठमोरं झालं की त्याचा डावा हातही दुसऱ्या बाजूला जाणार ना! तू चर्चच उलटं केलंस, मोज्यासारखं. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

"मला? सगळ्या गावाला ठाऊक नाही! एल्दानंच बोंब मारली, पाट्या गेल्या म्हणून! आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली, दुईलिओला सांगायचं नाही."

दुईलिओ हसता हसता थांबला. "काय सांगायचं नाही?"

"पाटी गेल्याचं!"

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे? आणखी काय असणार?"

तो तिच्या शेजारी बाकावर बसला. "म्हणजे माझ्या पोटात काही झालेलं नाही?"

"तुझ्या पोटात ऑलिव्हं आहेत. दुसरं काय होणार!"

"अगं, चार वर्षं!" दुईलिओनं दोन्ही हात डोक्याला लावले. "चार वर्षं सगळे माझ्याशी कसे वागताहेत! एल्दा जास्त वाढते. टीतो थोपटतो. पाववाला, तो कवडीचुंबक, पाव देतो! तू गळपट्टा विणलास! मला वाटलं, डॉक्टरनं तुम्हाला काहीतरी सांगितलंय. मी टीतोला एकदा विचारलंसुद्धा, खरं सांग, किती वेळ आहे? तर म्हणाला, ऑगस्टपर्यंत नक्की."

"तो चर्चचं सांगत होता, गाढवा!"

"आणि मी मेव्हण्याशी गोड बोललो! त्या माणसाशी! वस्तरे वाटून टाकले!"

मग दोघांना जे हसू फुटलं ते आवरेना. आठ वर्षं बंद पडलेल्या त्या चर्चमध्ये पहिला आवाज झाला तो त्यांच्या हसण्याचा, प्रार्थनेचा नाही. बाहेरून फादर सिल्व्हानोंनी दार ठोठावलं. "सिन्योरा! बिशप उन्हात उभे आहेत!"

"त्यांना टोपी आहे!" आर्मिदा आतून ओरडली.

दुईलिओ उठून कोनाड्यापाशी गेला होता. रुमाल काढून तो पाटीची धूळ पुसत होता, आधी डोळे, मग ते नाक. आर्मिदा मागे जाऊन उभी राहिली.

"एक सांग," ती म्हणाली, "तुला पहिल्या दिवसापासून कळलं होतं मी उलटं सांगतेय. मग बोलला का नाहीस? माझं एवढं हसं होऊ दिलंस?"

"बोललो असतो तर तू सुधारलं असतंस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आईला उचलून टीतोच्या दुकानासमोर नेलं असतंस." तो पाटी पुसतच राहिला. "ती गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आर्मिदा. तिच्याजवळ बसून एक घोट कॉफी घेण्याइतका मोठा मी कधी झालोच नाही. तू तिला आणून माझ्या टेबलापाशी बसवलंस. मी कशाला बोलतोय?"

आर्मिदानं त्याच्या हातातून रुमाल घेतला, पाटी सरळ केली, आणि मेणबत्ती लावली. मग दार उघडलं.

लोक आत लोटले. एल्दा घाबरत घाबरत उजवीकडे बघत आली, मग डावीकडे बघितलं आणि तिनं एवढ्या मोठ्यानं किंकाळी फोडली की बँडवाल्यानं त्यालाच इशारा समजून वाजवायला सुरुवात केली. टीतोनं दुईलिओच्या खांद्यावर थोपटलं. दुईलिओनं त्याचा हात झटकला आणि म्हणाला, "आता पुरे. मी बरा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चचं दार सताड उघडं होतं. आर्मिदा शाली घेऊन उंबऱ्याशी बसली होती. दुईलिओ पुतण्याकडून वस्तरे परत घेऊन आला होता. मेव्हण्याचं मात्र तसंच राहू दे म्हणाला. समोर आई हाकेच्या अंतरावर, पण खुर्ची त्यानं हलवली नाही, तिथंच एल्दाच्या कनातीखाली बसला. कॉफी मागवली, चार थेंब टाकले.

"आर्मिदा," त्यानं हाक मारली, "आई कशी आहे?"

"पाय मोडलेत का तुझे? दार उघडं आहे, जाऊन बघ की!"

दुईलिओ उठला. कॉफीचा कप हातात घेतला आणि चौक ओलांडून निघाला. चर्चमध्ये खाणं-पिणं आर्मिदानं कधी कुणाला करू दिलेलं नाही. बिस्किट खाणाऱ्या पोरांना तिनं कान धरून बाहेर काढलंय. तो कप घेऊन पायऱ्या चढला, तिच्यासमोर थांबला. ती दोन क्षण त्या कपाकडे बघत राहिली. मग पाय आखडून घेऊन तिनं त्याला वाट करून दिली.

"सांडू नकोस," ती म्हणाली.